वऱ्हाडातला ‘ऱ्’ आणि आपला वाटा

अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या फलकावर वर मराठीत आणि खाली उर्दूत नाव लिहिलेले आहे. त्या खालच्या ओळीवरून सुरू झालेला वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उर्दूवरचा आक्षेप फेटाळला. स्थानिक संस्थांच्या राजभाषेविषयीचा महाराष्ट्राचा २०२२ चा कायदा मराठी अनिवार्य करतो, पण तिच्या सोबतीला दुसरी भाषा लिहायला मनाई करत नाही, असे न्यायालयाने म्हटले. भाषा म्हणजे धर्म नव्हे, भाषा लोकांची असते, हेही त्या निकालात स्पष्टपणे आले.

या निकालाचा आपल्याला आनंद झाला आणि तो रास्त होता. पण एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. नगर परिषदेचा फलक आपण वर्षातून किती वेळा वाचतो? आणि हातातला मोबाइल दिवसातून किती वेळा? आजचा खरा फलक हा पडदा आहे. बँकेचा व्यवहार, शिष्यवृत्तीचा अर्ज, रेल्वेचे तिकीट, नोकरीची जाहिरात, बातमी आणि अफवा, सगळे त्यावरच येते. त्या पडद्यावर मराठी कोणती असावी, कोणता शब्द राहावा आणि कोणता जावा, हे कोण ठरवते? तिथे न्यायालय नाही, नगर परिषदेचा ठराव नाही. पुष्कळ ठिकाणी ते काम मूठभर स्वयंसेवक करतात. त्या मुठीत आपली बोटे किती आहेत, हा या संपादकीयाचा विषय आहे.

खुले सॉफ्टवेअर म्हणजे काय

सॉफ्टवेअर दोन प्रकारचे असते. एकाची आतली संहिता कंपनीच्या कुलुपात असते; आपण फक्त वापरायचे. दुसऱ्याची संहिता सर्वांसमोर उघडी असते. ती वाचता येते, बदलता येते, बदलून इतरांना देता येते. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स लोकांसमोर ठेवले, तेव्हापासून ही दुसरी वाट रुंद होत गेली. फायरफॉक्स ब्राउझर, लिब्रेऑफिस, व्हीएलसी, विकिपीडियामागचे मीडियाविकी हे सारे याच वाटेवरचे.

कुलूप आणि उघडे दार यांतला फरक अमरावती जिल्ह्याला नवा नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपूरला लीळाचरित्र सिद्ध केले. मराठी गद्याचा तो पहिला मोठा ग्रंथ. पण महानुभाव पंथाने आपले ग्रंथ जपण्यासाठी सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या वापरल्या आणि पंथाबाहेरच्या मराठी माणसाला हे धन कित्येक शतके दिसले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीची उकल केली, तेव्हा मराठी भाषेचा इतिहासच नव्याने वाचावा लागला. आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभे राहते आहे. संहिता उघडी झाली की भाषेचे वारसदार वाढतात.

खुल्या सॉफ्टवेअरमध्ये भाषेचे कामही असेच उघड्यावर चालते. पडद्यावर दिसणारे प्रत्येक वाक्य, ‘पासवर्ड चुकला’ असे दोन शब्द असले तरी, एका यादीत मूळ इंग्रजीसह ठेवलेले असते. त्यासमोर मराठीची रिकामी जागा असते. ती कोणीतरी भरते, दुसरे कोणीतरी तपासते, आणि पुढच्या आवृत्तीत ते वाक्य सगळ्यांच्या पडद्यावर जाते. ज्या भाषेत भरणारे नाहीत, तिथे इंग्रजीच दिसत राहते.

मराठीत हे काम पंचवीसेक वर्षे चालू आहे. २००० सालच्या सुमारास इंडलिनक्स या गटाने भारतीय भाषांतल्या लिनक्सचा ध्यास घेतला. महाराष्ट्र दिनी, १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. पुढे ‘फ्युएल’ नावाच्या उपक्रमाने सॉफ्टवेअरमध्ये सतत लागणाऱ्या काही शेकडा शब्दांची यादी केली आणि त्या त्या भाषेच्या जाणकारांनी एकत्र बसून प्रत्येक शब्दाचा पर्याय ठरवावा अशी पद्धत घातली. हे काम करणाऱ्यांत पुण्या-मुंबईचे अभियंते होते, शिक्षक होते, विद्यार्थी होते. कोणी त्यांना नेमले नव्हते. ते आले म्हणून मराठी आली.

एका अक्षराची किंमत

एका अक्षराचे उदाहरण घेऊ. ‘वऱ्हाड’ हा शब्द लिहून पाहा. ‘बडनेऱ्यात’ लिहा. दोन्हींत जो आडवा, पापणीसारखा अर्धा ‘ऱ्’ आहे, त्याची हिंदीला गरज पडत नाही. हिंदीचे काम डोक्यावरच्या रफाराने भागते. मराठीत मात्र ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. रफाराच्या जागी हा ‘ऱ्’ आला की अर्थ बदलतो. त्यातला ‘दर्या’ फारसीतून आलेला आणि ‘दऱ्या’ सह्याद्री-सातपुड्याच्या. दोन्ही शब्द मराठीचेच.

संगणकाला हे कोणी समजावले? जगातल्या सगळ्या लिप्यांना क्रमांक देणारी युनिकोड ही व्यवस्था आहे. १९९१ मध्ये तिच्यात देवनागरी आली ती भारताच्या ‘इस्की’ या प्रमाणावर आधारून. ‘र’च्या पायाशी टिंब असलेले ‘ऱ’ हे अक्षर त्यात द्रविड भाषांतला एक उच्चार लिहिण्यासाठी ठेवलेले होते. मराठीचा अर्धा ‘ऱ्’ त्यालाच हलन्त जोडून काढायचा, असे ठरले. दुसरी एक पद्धतही चालत राहिली: साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. सॉफ्टवेअरने काळजी घेतली नसेल तर एका पद्धतीने ‘वऱ्हाड’ शोधणाऱ्याला दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले वऱ्हाड सापडत नाही.

‘ॲ’चेही असेच. ‘ॲडमिशन’, ‘ॲप’, ‘ॲम्ब्युलन्स’ असे शब्द आपण रोज लिहितो. हिंदी ‘ऐ’ किंवा ‘ऍ’वर भागवते, मराठीला ‘अ’वर चंद्र हवा. या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ साली, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत. तोवर आठ कोटींहून अधिक लोकांच्या भाषेतल्या एका अक्षराला यंत्राच्या लेखी स्वतःची जागा नव्हती.

यातून घ्यायचा धडा सरळ आहे. यंत्र कोणाचा द्वेष करत नाही आणि कोणाची आठवणही ठेवत नाही. ज्यांनी जाऊन ‘आमचे हे अक्षर राहिले आहे’ असे पुराव्यासह सांगितले, त्यांचे अक्षर आत गेले. जे घरी बसून चिडले, त्यांचे राहून गेले.

आता हेच आपल्या नावांना लावून पाहा. शुद्धलेखन तपासणारे साधन शब्दांच्या एका यादीवर चालते. यादीत नसलेल्या शब्दाखाली लाल रेघ येते. आपली कितीतरी नावे, आडनावे, नात्यांचे शब्द, सणांचे शब्द लाल रेघेखाली उभे राहतात. एकाच घरात वडिलांच्या दाखल्यावर ‘रहेमान’, मुलाच्या गुणपत्रिकेवर ‘रहमान’ आणि तिसऱ्या कागदावर ‘रेहमान’ असते, आणि मग अर्ज नामंजूर होतो, फेऱ्या सुरू होतात. या गोंधळाचे सगळे खापर सॉफ्टवेअरवर फोडता येणार नाही. पण मराठीत ही नावे नीट लिहिण्याची एक तपासलेली यादी आपण तयार करून खुल्या साधनांना दिली असती, तर पुढच्या पिढीचा थोडा तरी त्रास वाचला असता. ती यादी आपल्याशिवाय दुसरे कोण करणार?

शब्द कोणाचे?

‘मराठी त्यांची, उर्दू आपली’ असे एक वाक्य आपल्याही वस्त्यांत ऐकू येते आणि बाहेरही. पडद्यावरच्या मराठीने ते केव्हाच खोटे ठरवले आहे. ‘रद्द करा’ हे बटण आपण रोज दाबतो, ‘रद्द’ अरबी. विकिपीडियावर ‘अलीकडील बदल’ पाहतो, ‘बदल’ अरबी. ‘मजकूर’, ‘नक्कल’, ‘तारीख’, ‘मुदत’, ‘अर्ज’, ‘मंजूर’, ‘तक्रार’, ‘यादी’, ‘शिफारस’ हे सगळे अरबी-फारसी मुळांचे शब्द आज मराठीचे इतके झाले आहेत की त्यांचे मूळ कोणाच्या ध्यानातही येत नाही. सरकारी कामकाजाची मराठी या शब्दांवर उभी आहे, म्हणूनच संगणकाची मराठीही.

हे शब्द राहावेत की काढावेत हा वादही जुना आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला तो फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. विसाव्या शतकातल्या भाषाशुद्धीच्या चळवळीने ‘तारीख’ काढून ‘दिनांक’ पुढे केला. आज कागदावर ‘दिनांक’ लिहितात आणि कोर्टात ‘तारीख’च पडते. भाषेने दोघांना ठेवून घेतले. मात्र सॉफ्टवेअरमध्ये एका बटणावर एकच शब्द मावतो. तिथे दोघांपैकी एकाची निवड करावीच लागते. ती निवड करताना टेबलाभोवती कोण बसले आहे, याला म्हणून महत्त्व आहे.

आपला आग्रह प्रत्येक ठिकाणी अरबी-फारसी शब्द घालण्याचा नसावा. ‘डिलीट’ला ‘हटवा’ म्हणा, ‘वगळा’ म्हणा, ‘पुसून टाका’ म्हणा. कसोटी एकच: दहावी झालेल्या मुलीला आणि भाजीची गाडी लावणाऱ्या चाचांना तो शब्द वाचताक्षणी कळतो का? या कसोटीवर कधी ‘यादी’ जिंकेल, कधी संस्कृत शब्द, कधी सरळ ‘फाइल’. आपण तिथे हवे आहोत ते आपल्या घरात, गल्लीत, बाजारात चालणारी मराठी त्या टेबलावर ठेवण्यासाठी.

सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी योगसंग्राम मराठीत लिहिला. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्या पिढीने मराठी साहित्यात आपली जागा मागून न घेता लिहून घेतली. आपल्या पिढीसमोरचे काम त्याच्याच पुढचे आहे.

गट कसा उभा राहतो, कसा बिघडतो

भाषेचे हे काम एकट्या हुशार माणसाचे नाही, हे ज्यांनी ओळखले त्यांचे काम टिकले. २००२ मध्ये कोझिकोडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून (आजचे एनआयटी) ‘स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग’ हा गट सुरू झाला. आधी मूठभर विद्यार्थी. मग भाषांतर करणारे, फाँट घडवणारे, शब्दयादी करणारे असे वाढत गेले. ‘मीरा’, ‘रचना’ यांसारखे फाँट त्यांनी सांभाळले आणि सगळ्यांना मोफत दिले. सुरुवात करणारे पुढे नोकरी-संसाराला लागले तरी गट राहिला, कारण काम, नियम आणि चर्चा सर्वांसमोर होते. नव्याला जुन्याची परवानगी मागत दारात उभे राहावे लागले नाही.

आपल्या शेजारच्या गोव्याची कोकणी पाहा. ती देवनागरीत लिहिली जाते, रोमीत लिहिली जाते, कन्नड लिपीतही. हिंदू आणि ख्रिस्ती कोकणी भाषकांचे लिपीवरून जुने ताणतणाव आहेत. २००६ पासून कोकणी विकिपीडियाची चाचणी आवृत्ती रखडत चालली होती. २०१३ मध्ये गोवा विद्यापीठाने आपला कोकणी विश्वकोश खुल्या परवान्याखाली दिला, विद्यार्थी आणि अभ्यासक कामाला लागले आणि २०१५ मध्ये स्वतंत्र विकिपीडिया सुरू झाला. त्यात तिन्ही लिप्यांतले लेख आहेत. लिपीचा वाद मिटला म्हणून काम झाले असे नाही. काम करायचे ठरले म्हणून वादाला बाजूला बसावे लागले.

बिघडलेल्या गटांचे धडेही तितकेच कामाचे. क्रोएशियन विकिपीडिया सुमारे दहा वर्षे काही मोजक्या प्रचालकांच्या हाती राहिला. त्यांनी देशाचा इतिहास आपल्या राष्ट्रवादी रंगात रंगवला, विरोध करणाऱ्यांना बाहेर काढले. विकिमीडिया फाउंडेशनचा यावरचा अहवाल २०२१ मध्ये आला. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावर २०२० मध्ये उघड झाले की हजारो लेख ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन किशोराने लिहिले होते. त्याचा हेतू वाईट नव्हता. तपासायला कोणी नव्हते, एवढेच. दोन्ही ठिकाणी रोग एकच: भाषेचे लोक बाहेर आणि किल्ली एकाच्या हाती.

इतिहासाचे विकृतीकरण कशाला म्हणतात हे आपल्याला सांगायला नको. आपल्याविषयी काय लिहिले जाते यावर आपण फार बोलतो. त्या लिखाणाच्या चर्चापानावर जाऊन, शांत भाषेत, संदर्भ देऊन दुरुस्ती करणारे आपल्यात किती आहेत, हे मोजून पाहायला हवे.

काही शंका, सरळ उत्तरे

‘पोटाचे आधी पाहू की हे फुकटचे काम करू?’ हा प्रश्न रास्त आहे. या कामाने लगेच नोकरी लागेल असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. शिवाय खुल्या कामाचा फायदा बड्या कंपन्याही उचलतात, हे खरे आहे. तरीही यातून संहितेशी ओळख होते, मुद्दा लेखी मांडण्याची सवय लागते, अनोळखी माणसाने केलेली टीका पचवता येते आणि केलेले काम नावानिशी कुणालाही दाखवता येते. आठवड्याचे दोन तास यासाठी देता येत असतील तर द्या. घरची अडचण असेल तर अपराधी वाटून घेऊ नका.

‘आता एआय सगळे भाषांतर करते, मग माणसे कशाला?’ यंत्र शिकते ते माणसांनी लिहून ठेवलेल्या मजकुरावरून, आणि त्यात विकिपीडियासारखा खुला मजकूर मोठ्या प्रमाणावर असतो. ज्या बोलीत लिहिलेलेच नाही ती बोली यंत्राला येणार कुठून? मराठीत क्रियापदाला लिंग आहे, ‘कर’ आणि ‘करा’ यांत आदराचा फरक आहे. ‘तिने संदेश पाठवला’ की ‘त्याने’, हे इंग्रजी वाक्यावरून कळत नाही. यंत्राने केलेला कच्चा मजकूर तपासायला मराठी जगणारा माणूस लागतोच. उलट यंत्राचा कच्चा माल वाढला तसा तपासणाऱ्यांचा भार वाढला आहे.

‘आपली भाषा उर्दू, आपण मराठीत का राबायचे?’ २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ३० लाख मुस्लिम होते आणि उर्दू मातृभाषा नोंदवणारे सुमारे ७५ लाख. म्हणजे लाखो मुस्लिमांनी मराठी, हिंदी वा दुसरी एखादी भाषा आपली म्हणून नोंदवली. भाषांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत मराठी आणि उर्दूखेरीज वऱ्हाडी-नागपुरीलाही स्वतंत्र संकेत आहे आणि दखनीलाही. आपल्यापैकी अनेक जण या चारही घरांत राहतात. उर्दूचेही काम करा. नस्तालिकसारख्या अवघड आणि देखण्या लिपीला पडद्यावर आणायला फार मेहनत लागली आहे आणि अजून लागणार आहे. दोन भाषांत काम करणारा माणूस दोन्ही गटांना हवाच असतो.

‘आपले ऐकणार कोण?’ पूर्वग्रह तिथेही भेटतील. खोटे कशाला सांगा? फरक इतकाच की या प्रकल्पांत कोणी काय सुचवले, कोणी नाकारले, कोणत्या कारणाने, हे सर्वांसमोर नोंदलेले राहते. अन्याय झाला तर दाखवायला कागद असतो. आपल्या रोजच्या आयुष्यात हे किती ठिकाणी मिळते?

बडनेऱ्यातून सुरुवात

बडनेरा हे जंक्शन आहे. मुंबई-हावडा मार्गावरची गाडी इथे थांबते, अमरावतीचा फाटा इथून फुटतो. जुनी वस्ती आणि नवी वस्ती मिळून इथे मराठी, वऱ्हाडी, उर्दू, हिंदी एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकू येतात. अभियांत्रिकीचे महाविद्यालय जवळ आहे. दरवर्षी इथली मुले शिक्षण आणि नोकरीसाठी पुण्या-मुंबईच्या गाडीत बसतात. भाषेच्या या कामासाठी मात्र गाडीत बसावे लागत नाही. लागतात ते पाच जण, एक खोली, मोबाइल आणि शक्य झाल्यास एखादा जुना लॅपटॉप. असा गट कसा बांधावा, याविषयी आमच्या सूचना अशा:

पहिला महिना फक्त वापरा. सगळ्यांनी मोबाइल आणि ब्राउझर मराठीत करावा. खटकलेला, न कळलेला, चुकीचा वाटलेला प्रत्येक शब्द वहीत लिहावा. समोर आपल्या घरात त्याला काय म्हणतात तेही लिहावे. ही वही पुढे तुमची शिदोरी होईल.

मग एकच प्रकल्प निवडा. मोझिलाचे पोंटून, मीडियाविकीसाठीचे ट्रान्सलेटविकी, अनेक प्रकल्प वापरतात ते वेबलेट ही भाषांतराची ठिकाणे नवख्यालाही समजतात. दहा ठिकाणी खाते उघडून एकातही न टिकण्यापेक्षा एका ठिकाणी शंभर वाक्ये चांगली करा.

वेगळा ‘मुस्लिम गट’ म्हणून जाऊ नका; मराठीच्या चालू गटात मराठी भाषक म्हणून जा. आधीपासून काम करणाऱ्यांना नमस्कार करा, त्यांचे नियम वाचा, ठरलेली शब्दयादी वाचा. सूचना आधी, वाद नंतर. तुमची सूचना नाकारली गेली तर कारण विचारा. कारण पटले नाही तर उदाहरणे आणून पुन्हा मांडा.

लिहिणारा आणि तपासणारा वेगळा ठेवा. आपलेच लिखाण आपणच मंजूर करायचे नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. यंत्राने केलेला मजकूर न वाचता भरू नका; संख्या वाढते, भाषा बुडते.

किल्ली एकाकडे ठेवू नका. पासवर्ड, वही, संपर्क किमान तिघांना माहीत असावेत. दर सहा महिन्यांनी जबाबदारी फिरवा. ज्याने गट सुरू केला तो नोकरीसाठी गेला आणि गट बंद पडला, ही आपल्या किती मंडळांची कहाणी आहे! जाणाऱ्याने नवा माणूस तयार करूनच जावे.

मुलींना ‘सहभाग’ म्हणून एका कोपऱ्यात बसवू नका. तपासण्याची आणि ठरवण्याची जागा द्या. हे काम घरून करता येते, ही अनेकींसाठी सोय आहे. पण घरून करता येते म्हणून घरातच राहा, असा अर्थ त्यातून काढला जाऊ नये. बैठक अशा जागी आणि अशा वेळी ठेवा की त्यांना येता येईल.

आवाज देताना समजून द्या. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या उपक्रमात लोक वाक्ये वाचून आवाज देतात आणि इतर लोक ते तपासतात. मराठीही त्यात आहे आणि उर्दूही. वऱ्हाडी वळणाने बोलणारे आवाज, आजीचे आवाज, मुलींचे आवाज त्यात गेले तर ‘कुठं जाऊन राहिला’ असे बोलणाऱ्याचे बोलणे यंत्राला एक दिवस कळेल. मात्र हा संग्रह कोणालाही, कंपनीलासुद्धा, कोणत्याही कामासाठी वापरता येतो. एकदा पसरलेला आवाज परत मागता येत नाही. हे समजावून सांगूनच कोणाला बसवा, आणि लहान मुलांना पालकांच्या संमतीशिवाय बसवू नका.

आणि शेवटी, नावांची यादी करा. गल्लीतल्या माणसांची वैयक्तिक माहिती न घेता फक्त प्रचलित नावे, आडनावे, नात्यांचे शब्द, सणांचे शब्द, त्यांची मराठीतली रूढ रूपे. गावातल्या शिक्षकांकडून, उर्दू जाणणाऱ्या बुजुर्गांकडून तपासून घ्या. मग ती खुल्या परवान्याखाली मराठीच्या शुद्धलेखन-यादीसाठी द्या. पाच जणांना पावसाळ्याच्या सुट्ट्यांत होईल इतके हे काम आहे, आणि त्याचा उपयोग शेख, सय्यद, पठाण यांच्याबरोबरच ती नावे लिहिणाऱ्या प्रत्येक मराठी कारकुनाला, शिक्षकाला, पत्रकाराला होईल.

पातूरच्या फलकासाठी न्यायालयात जावे लागले. मोबाइलच्या पडद्यावरच्या मराठीसाठी वकील लागत नाही, परवानगी लागत नाही, वशिला लागत नाही. तिथे नागरिकत्व सिद्ध करायचा एकच दाखला चालतो: केलेले काम. तो आपल्यापाशी असू द्या. बडनेऱ्यात, पातुरात, अचलपुरात, बाळापुरात, जिथे पाच जण जमत असतील तिथून सुरू करा, आणि पहिल्या महिन्याची वही भरली की आम्हाला कळवा. त्यातले शब्द आम्ही इथे छापू.